लाल रंगाचा शब्द

त्या फाट्यावरून जावं लागू नये म्हणून पेंटर अकरा वर्षं चार किलोमीटरचा वळसा घालत होता. बायकोने एकदा विचारलं, "सरळ हमरस्ता सोडून हे कुठून नेताय?" तेव्हा तो म्हणाला, "तिकडे खड्डे फार आहेत." अगदीच खोटं नव्हतं ते. खड्डा होता, एकच होता, आणि तो त्याने स्वतःच्या हाताने खणलेला होता.

झालं होतं ते असं. अकरा वर्षांपूर्वी तळ्याकाठी सरकारी उद्यान निघालं. हमरस्त्यावरून आत तीन किलोमीटर कच्ची वाट, आणि वाट जिथे फुटते तिथे दोन खांबांवर मोठा निळा पत्रा. त्याच्यावर काय लिहायचं ते साहेबांनी कागदावर उतरवून दिलं होतं. वर 'तळ्याकाठचे राज्य उद्यान', मध्ये बाण आणि खाली 'प्रवेश शुल्क नाही'. सगळं पांढऱ्यात, फक्त 'शुल्क' तेवढं लाल. साहेब म्हणाले होते, "फुकट म्हटलं की माणूस वळतो आणि लाल दिसलं की माणूस वाचतो."

पेंटरचा हात चांगला होता, यात शंका नाही. अर्ध्या गावातल्या दुकानांच्या पाट्या त्याच्या, आणि प्रत्येक पाटीच्या कोपऱ्यात त्याची बारीक सही. त्या दिवशीही शिडीवर चढून त्याने अक्षरं अशी काढली की खालून जाणाऱ्याने मान वर करावी. 'प्रवेश' लिहिलं, 'शुल्क'ची जागा मोजून मोकळी सोडली, 'नाही' लिहिलं. मग लाल रंगाचा डबा उघडला, तर आत रंगाचा दगड झालेला. झाकण नीट लावलं नव्हतं. कोणी, तर त्यानेच. दुपार टळत होती, पोटात कावळे ओरडत होते. "उद्या येऊन भरतो," असं तो त्या पत्र्यालाच सांगून खाली उतरला.

दुसऱ्या दिवशी एका दवाखान्याची अख्खी भिंत रंगवायचं काम आलं. तिसऱ्या दिवशीही तेच. चौथ्या दिवशी तो विसरला. माणूस विसरतो, त्यात काही नवल नाही. नवल पुढे आहे.

महिनाभराने तो बायकोबरोबर बसने चालला होता. बायको खिडकीशी बसली होती आणि तिला येईल ती पाटी मोठ्याने वाचायची सवय. फाटा आला तशी ती म्हणाली, "तळ्याकाठचे राज्य उद्यान. प्रवेश नाही. अगंबाई, मग बाण कशाला दाखवलाय?" बसमधली चार माणसं हसली. पेंटर आपल्या चपलांकडे बघत राहिला. बायकोला पाण्याची भारी हौस. माहेरच्या घरामागे ओढा होता तिच्या. तिने विचारलं, "खरंच आत सोडत नाहीत का हो?"

"लिहिलंय ना तसं," पेंटर म्हणाला.

आपलीच चूक आणि आपलाच तिला दाखला. तोंडातून शब्द गेला तेव्हाच त्याच्या कानशिलांची लाही झाली होती, पण गेलेला शब्द काही परत येत नाही. त्यानंतर तिने पुन्हा कधी तळ्याचं नाव काढलं नाही, आणि पेंटरने वळसा धरला.

आता कोणी म्हणेल, शिडी घेऊन जायचं आणि एक शब्द भरून यायचं, अर्ध्या तासाचं काम. बरोबर आहे. पण लाजेचं गणित वेगळं असतं. पहिल्या महिन्यात गेला असता तर लोकांनी आळशी म्हटलं असतं. वर्षाने गेला असता तर बेजबाबदार. पाच वर्षांनी गेला असता तर विचारलं असतं, इतके दिवस काय झोपला होतास? जितका उशीर होई तितकं जाणं जड होई, आणि जितकं जड होई तितका उशीर. शेवटी त्याने मनाशी ठरवूनच टाकलं की एव्हाना कोणीतरी दुरुस्त केलं असेल. या 'कोणीतरी'च्या जिवावर जगातली निम्मी कामं अडून बसलेली आहेत.

त्याला सगळ्यात जास्त काय बोचत असेल, तर वडिलांचं एक वाक्य. वडीलही पेंटरच. ते म्हणायचे, "जो शब्द उद्यावर ठेवशील, त्याची शिरोरेषा आजच ओढून ठेव. नुसती रेघ दिसली तरी लोकांना कळतं की इथे काहीतरी यायचंय. रेघ नसेल तर ती मोकळी जागा. आणि मोकळ्या जागेला कोणी प्रश्न विचारत नाही." पांढरा रंग हातात होता, ब्रश भिजलेला होता. एक वीतभर रेघ ओढायची होती. तेवढीही त्याने ओढली नव्हती.

असा सगळा मामला, आणि परवा साहेबांचा फोन आला.

"ते तळ्याचं उद्यान बंद करतोय," साहेब म्हणाले. "कोणी फिरकतच नाही तिकडे. उद्या फाटकावर पाटी लिहून टाक. तीनच शब्द. 'उद्यान कायमचे बंद.' परवापासून कुलूप."

पेंटरने फोन कानाला तसाच धरून ठेवला. साहेबांनी त्या उद्यानात कधी पाऊल टाकलं नव्हतं. दरवर्षीचा पाहणीचा अहवाल ते टेबलाशी बसून लिहीत, उंटावरून शेळ्या हाकत. नाही म्हणावं, असं पेंटरच्या मनात आलं. पण नाही म्हटलं तर का नाही ते सांगावं लागलं असतं. "बरं," तो म्हणाला.

सकाळी उजाडता उजाडता त्याने स्कूटर काढली. पिशवीत पांढरा डबा, काळा डबा, ब्रश, खडू लावलेली दोरी. पाठीमागे घडीची शिडी बांधली. निघताना त्याने लाल डबाही पिशवीत टाकला. बंदच्या पाटीला लाल लागणार नव्हता, पण टाकला. अकरा वर्षांनी पहिल्यांदाच तो सरळ रस्त्याने गेला, आणि फाट्यावर आल्यावर मान वर करायची नाही असं ठरवूनही त्याने मान वर केली. निळा पत्रा उन्हाने फिका पडला होता. कडेला गंज चढला होता. अक्षरं मात्र ठणठणीत होती. 'प्रवेश', मग मोकळी जागा, मग 'नाही'. कोणीतरी काही दुरुस्त केलेलं नव्हतं.

उद्यानाचं फाटक सताड उघडं होतं. फाटकाजवळ रखवालदार बाई उभ्या होत्या. पन्नाशी ओलांडलेल्या, इस्त्रीचा गणवेश, गळ्यात शिट्टी, पायात चकचकीत बूट. त्यांनी पेंटरकडे पाहिलं, मग मनगटावरच्या घड्याळाकडे पाहिलं आणि त्यांचा चेहरा उजळला.

"या, या. पाच मिनिटं लवकर आलात, पण चालेल. गाडी तिकडे सावलीत लावा."

"बाई, मी जरा कामाला म्हणून—"

"सकाळी सहाला तळं बघायला येणाऱ्या माणसाला कसलं काम? पिशवी जड असेल तर ठेवा इथे, कोणी हात लावत नाही. हात लावायला इथे आहे कोण?" बाई हसल्या. "तुम्ही एकटेच? घरच्यांना आणायचं होतं. उद्यापासून बंद होतंय, पत्र आलंय मला. म्हणजे बघा, शेवटच्या दिवशी का होईना, तुम्ही गाठलंत."

शिडी स्कूटरला बांधलेली होती. ती त्यांना दिसली कशी नाही, असं पेंटरला वाटलं. पण ज्याला पाहुणा हवा असतो त्याला शिडी दिसत नाही. आता सांगू, वळणावर सांगू, असं म्हणत तो त्यांच्या मागून चालू लागला. उद्यावर ढकलायची त्याची सवय अशी, की समोरासमोरही तो चार पावलं पुढे ढकलत होता.

आणि काय सांगावं, उद्यान देखणं होतं. पायवाटा झाडून लख्ख केलेल्या. सुरूच्या झाडांतून तळं हळूहळू दिसत जाई आणि मग एकदम समोर येई. पाण्यावर धुकं होतं, त्यात पाणकोंबड्या आपल्या घाईत चालल्या होत्या, आणि लांब एका खुंटावर एक बगळा उभा होता. बाई दोन पावलं पुढे राहून सांगत होत्या, "तळ्याचा घेर साडेतीन किलोमीटर. हिवाळ्यात इथे अठरा जातींचे पक्षी येतात. डावीकडे बघा, ती उतरती वाट चाकाच्या खुर्चीसाठी आहे." हे सगळं त्या थांबून थांबून, शाळेतल्या मुलाने पाठ केलेली कविता म्हणावी तसं म्हणत होत्या. मध्येच अडल्या आणि लाजून म्हणाल्या, "पूर्ण कधी म्हणायची वेळ आली नाही ना. आरशासमोर म्हणते, पण आरसा चालत नाही."

प्रत्येक झाडाला एक लाकडी फळी टांगली होती आणि त्याच्यावर झाडाचं नाव. अक्षरं बाईंचीच होती. एक वर गेलेलं, एक खाली आलेलं, वेलांट्या कुठल्या कुठे. पेंटरच्या डोळ्यांना सवयीने त्या चुका दिसल्या. मग त्याला दिसलं की एकाही फळीवर एकही अक्षर राहिलेलं नव्हतं. तो पुढच्या फळ्या न वाचताच चालत राहिला.

पाण्याच्या कडेला एक बाक होता. बाईंनी रुमालाने तो पुसला, त्याला बसवलं आणि आपण उभ्याच राहिल्या.

"एक विचारू का? तुम्ही बाहेरचे, म्हणून विचारते. खरं सांगायचं, मला बरं वाटावं म्हणून नाही." त्यांनी गळ्यातली शिट्टी मुठीत धरली. "इथे कमी काय आहे?"

"काहीच नाही, बाई."

"मग लोक का येत नाहीत?"

बोलायची वेळ हीच होती, यापेक्षा चांगली येणार नव्हती. पेंटर म्हणाला, "हल्ली लोकांना वेळ कुठे असतो."

"तेही असेल," बाई म्हणाल्या, पण त्यांचं समाधान झालं नव्हतं. "पण मला कारण माहीत आहे. उद्या जायचंच आहे, तर सांगून टाकते. उद्यान उघडलं त्या पहिल्या आठवड्यात एक कुटुंब आलं होतं. आईवडील आणि सहासात वर्षांची मुलगी. मुलगी पाण्यात दगड मारत होती आणि तिथे पाणकोंबडीचं घरटं. मी ओरडले. जोरात ओरडले हो. शिट्टीही वाजवली. मुलगी अशी दचकली की रडायलाच लागली. तिची आई म्हणाली, चला इथून. गेले. आणि त्यानंतर कोणी आलंच नाही. दुसऱ्या दिवशी नाही, दुसऱ्या आठवड्यात नाही. म्हटलं, झालं. गावभर केलं असेल त्यांनी की तिथे एक कजाग बाई बसवलीय. बरोबरच आहे, मी असते तर मीही सांगितलं असतं."

कुटुंब आलं त्या आठवड्यात पत्रा कोरा होता. आठवडा संपताना तो शिडीवर चढला होता.

"'गवतावर चालू नये'ची पाटी होती, ती मी काढून टाकली," बाई सांगत होत्या. "शिट्टी वाजवणं सोडलं; ही नुसती गणवेशाची म्हणून गळ्यात. हसून बोलायची सवय केली. आणि हे बघा."

बाकाच्या मागे एक लाकडी खोकं होतं. बाईंनी झाकण उचललं. आत दगड होते. सगळे चपटे, गुळगुळीत, हाताच्या तळव्यात बसतील असे, एकावर एक नीट रचलेले.

"पाण्यावरून टणाटण उड्या मारत जातात ना, तसले," त्या म्हणाल्या. "या बाजूला घरटी नसतात. म्हटलं, ती मुलगी परत आली तर म्हणावं, इथून मार बाई, हवे तेवढे मार. आता ती अठरा वर्षांची झाली असेल. पण पावसाळा संपला की मी नवे वेचून भरतेच."

माणसाला मेल्याहून मेल्यासारखं होतं म्हणतात, ते पेंटरला त्या बाकावर झालं. खोक्यातले दगड तो बघत राहिला. वरचे काही ओले होते. पहाटेच धुतलेले असावेत. आता गप्प राहिलो तर ही बाई उद्या इथून जाईल आणि जन्मभर स्वतःला कजाग म्हणत राहील, हे त्याला स्वच्छ दिसलं. आणि बोललो तर तिच्या डोळ्यांसमोर उभं राहावं लागेल. तो उठून उभा राहिला, कारण हे बसून सांगण्यासारखं नव्हतं.

"बाई, ते तुमच्यामुळे नाही झालं. माझ्यामुळे झालं."

"तुमच्यामुळे कसं?"

"मी पेंटर. फाट्यावरची पाटी माझी. 'प्रवेश शुल्क नाही' असं लिहायचं होतं. 'शुल्क' लाल करायचा होता, लाल रंग वाळला होता, म्हणून मी तो उद्यावर ठेवला. तो राहिला."

बाईंनी ओठ हलवून ते वाक्य मनात जुळवलं. 'शुल्क' काढला, उरलं ते वाचलं. खोक्याचं झाकण त्यांनी सावकाश बंद केलं.

"ती पाटी मी पाहिलीय," त्या म्हणाल्या. "दोनदा गेले होते तिथवर. मागून पाहिली. म्हटलं, खांब मजबूत आहेत."

"पुढे नाही गेलात?"

"मी का जाईन पुढे? मला कुठे वाट विचारायची होती? बाजाराला मी होडीने पलीकडच्या काठाला जाते." त्यांनी पेंटरकडे पाहिलं. "तुम्हाला कधी कळलं हे?"

इथे एक खोटं अगदी हाताशी होतं. आत्ताच येताना पाहिलं, एवढं म्हटलं असतं तर भागलं असतं. पेंटर मान खाली घालून म्हणाला, "महिन्याभरातच कळलं होतं."

बाई फाटकाच्या दिशेने चालू लागल्या. स्कूटरशी येऊन त्यांनी शिडी पाहिली, पिशवीतले डबे पाहिले, आणि तो कशाला आला होता तेही त्यांना कळलं. "दाखवा मला ती," एवढंच त्या म्हणाल्या आणि मागे बसल्या. पेंटरला वाटलं, ही वाट संपू नये. आणि लगेच वाटलं, वाट कसली बघतोस, आता तरी पोच.

फाट्यावर बाई पाटीच्या समोर जाऊन उभ्या राहिल्या, हमरस्त्याच्या कडेला, जिथून अकरा वर्षं लोकांनी ती वाचली होती. त्यांनी शब्दांवरून बोट फिरवल्यासारखं एकेक अक्षर वाचलं. मग खालचा कोपरा वाचला.

"शब्द राहिला," बाई म्हणाल्या. "सही मात्र राहिली नाही."

पेंटरने वर पाहिलं. खरंच होती. उजव्या कोपऱ्यात, बारीक, वळणदार, शेपूट काढलेली. केव्हा केली तेही त्याला आठवत नव्हतं. काम झालं की हात आपोआप कोपऱ्याकडे जाई. काम झालं नव्हतं तरी गेला होता.

"अक्षर छान आहे तुमचं," बाई पुढे म्हणाल्या, आणि त्यात टोमणा नव्हता म्हणून ते जास्त लागलं. "मला एकच वाटतंय. ती माणसं परत आली असतील का हो? मुलीची समजूत काढून? इथवर आली असतील, आणि हे वाचलं असेल. त्यांना वाटलं असेल, त्या बाईनेच लिहून घेतलं."

चुकलो म्हणायला तोंड उघडावं तर तो शब्द किती पुरणार, हे त्यालाही कळत होतं. तरी तो म्हणाला, "माझं चुकलं, बाई."

"हो," बाई म्हणाल्या. "आधी ते पुरं करा."

"चला, तुम्हाला सोडून येतो आणि—"

"नको. चालत जाते मी." आणि त्या निघाल्या. वळणाआड जाईपर्यंत त्यांनी मागे पाहिलं नाही.

पेंटरने शिडी लावली. लाल डबा उघडला. रंग चांगला होता. आधी त्याने शिरोरेषा ओढली. मग 'शु', मग 'ल्क'. मोकळी सोडलेली जागा इतकी अचूक मोजलेली होती की शब्द अकरा वर्षांनी जसाच्या तसा आत बसला. याचं त्याला कौतुक वाटलं नाही. तो अजून शिडीवरच होता तेव्हा एक मोटार हळू झाली. आत नवराबायको, मागे दोन मुलं.

"आत जाता येतं का?" गाडी चालवणाऱ्याने विचारलं. "आम्ही नेहमी इथून जातो, आम्हाला वाटायचं बंद आहे."

"येतं," पेंटर म्हणाला. "आधीही येत होतं. मी चुकीचं लिहिलं होतं." मोटार वळून आत गेली, आणि त्याने शिडीवर उभ्याउभ्याच साहेबांना फोन लावला. सगळं सांगितलं, काही राखून ठेवलं नाही.

"अरे, आदेश निघालाय," साहेब म्हणाले. "अकरा वर्षांच्या माझ्या अहवालांत लिहिलंय की लोकांना तळ्याची आवड नाही. आता काय लिहू, की पेंटरचा रंग वाळला होता? तू पाटी लिही आणि मोकळा हो." फोन बंद झाला.

मग त्याने घरी फोन केला. "अगं, आवरून बसने ये. फाट्यावर उतर. तळं बघायला."

"तिथे प्रवेश नाही ना?" बायको म्हणाली.

"तू ये. आल्यावर वाच."

तासाभराने ती बसमधून उतरली, चांगली साडी नेसून. उतरल्या उतरल्या सवयीने मोठ्याने वाचू लागली, "तळ्याकाठचे राज्य उद्यान. प्रवेश शुल्क—" आणि थांबली. लाल रंग अजून ओला चमकत होता. तिने पाटीकडे पाहिलं, शिडीकडे पाहिलं, नवऱ्याच्या बोटांकडे पाहिलं. पेंटरने सांगितलं. बाईंचं, मुलीचं, खोक्यातल्या दगडांचं, सगळं.

"त्या दिवशी मी बसमध्ये एवढ्या मोठ्याने वाचलं होतं," ती म्हणाली.

"हो."

"आणि तुम्ही मला म्हणालात, लिहिलंय ना तसं."

"हो."

"वळसा खड्ड्यांसाठी नव्हता तर." ती स्कूटरवर मागे बसली. एरवी खांद्यावर हात ठेवायची, आज त्या हाताने तिने सीटची कडी धरली.

ते पोचले तेव्हा तळ्याकडून मुलांचा आवाज येत होता. मोटारीतली दोन्ही मुलं खोक्यातले दगड घेऊन पाण्यावर मारत होती, आणि बाई कमरेवर हात ठेवून मोजत होत्या, "तीन. चार. अरे, पाच." त्यांनी पेंटरच्या बायकोला पाहिलं आणि पुढे आल्या. "या, या. तळ्याचा घेर साडेतीन किलोमीटर," त्यांनी सुरुवातीपासून सुरू केलं. या वेळी त्या कुठेही अडल्या नाहीत. बायको एकेक झाडाची फळी मोठ्याने वाचत त्यांच्या बरोबर चालली होती. पेंटरकडे दोघींपैकी कोणी पाहिलं नाही. तो चार पावलं मागून, त्यांच्या वेगाने चालत राहिला.

फेरी पुरी झाली, मोटार निघून गेली, ऊन वर आलं. पेंटर बाईंपाशी जाऊन उभा राहिला. "मी साहेबांशी बोललो. ते ऐकत नाहीत. ही बंदची पाटी मी नाही लिहीत. दुसऱ्या कोणाला बोलावू दे त्यांना."

"म्हणजे पुन्हा उद्यावर?" बाई म्हणाल्या. "पाटी तुमच्याकडे दिलीय, तुम्हीच लिहा. आणि या वेळी एकही शब्द सोडू नका."

त्याने फाटक पुसलं. खडूची दोरी ताणून रेघ मारली. मोजलं, पुन्हा मोजलं. 'उद्यान' लिहिलं. 'कायमचे' लिहिलं. बाई मागे उभ्या होत्या, आणि त्यांच्या शेजारी बायको. 'बंद'वरचा अनुस्वार दिल्यावर त्याने ब्रश फडक्याला पुसला, डब्यांची झाकणं घट्ट लावली, एकेक दाबून पाहिलं. बायकोने तीन शब्द वाचले, पण मनातच. बाईंनीही वाचले. पेंटर शिडीची घडी घालायला वळला.

"सही राहिली," बाई म्हणाल्या.

त्याने वळून पाहिलं. त्या चिडलेल्या नव्हत्या. नुसत्या वाट बघत होत्या, आणि बायकोही वाट बघत होती. पेंटरने डबा पुन्हा उघडला, ब्रश भिजवला, आणि खालच्या कोपऱ्यात, वाटेवरून वाचता येईल एवढ्या अक्षरात, आपलं नाव लिहिलं.